मोकळी जागा ही अमानतच

घर बांधताना वर्धेतले कुटुंब प्लॉटचा इंच न् इंच मोजून घेते. लेआउटमधली ओपन स्पेस मात्र कुणी पाहत नाही. राज्याच्या नियमाने मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पुढे तिथे कुणी गिट्टी टाकतो, कुणी प्रार्थनास्थळ उभारतो आणि मुले रस्त्यावर खेळतात.

सोपवलेली वस्तू म्हणजे अमानत. ती जपणे मुसलमानाचे कर्तव्य. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, असे हदीस सांगते. हनुमान टेकडीवर वर्धेकरांनी झाडे जगवून दाखवलीच आहेत. या रमजानमध्ये इफ्तारनंतर सर्वधर्मीय शेजाऱ्यांनी एवढेच ठरवावे: जागा मोकळी राहील आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायची पाळी प्रत्येक घराची.