दुसऱ्या जिन्याची किल्ली कोणाकडे?

शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेला १ डिसेंबर १९५८ रोजी, शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना आग लागली. तीत ९२ मुले आणि त्यांना शिकवणाऱ्या तीन नन गेल्या. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच या इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी झाली होती आणि शाळा तीत उत्तीर्ण ठरली होती. इमारत जुनी म्हणून नवे कडक नियम तिला लागूच नव्हते. तळघरात जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या कचऱ्याच्या पिंपाने पेट घेतला, लाकडी जिन्याचे धुराडे झाले आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांना वर्गाबाहेर पडायला वाटच उरली नाही. नियमाने मागितलेले सगळे त्या शाळेत होते. पण मुले बाहेर कशी पडणार, हे नियमाने विचारलेच नव्हते. आपल्या शाळांच्या तपासणीतही हाच प्रश्न मागे पडतो, आणि तो सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे.

आपल्याकडच्या दुर्घटनाही हेच सांगतात. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपरापर्यंत पोचली आणि प्राथमिक वर्गांतली ९४ मुले होरपळून गेली. सुरतेत २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी संकुलाच्या माथ्यावरच्या शिकवणीत २२ जणांचा बळी गेला. खाली उतरण्याचा मार्ग आगीने अडवल्यामुळे मुलांनी वरून उड्या टाकल्या. कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले, की शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क आहे. शाळांत अग्निशामक साधने बसवा, कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवा, इमारती तपासा, असे आदेशही दिले.

महाराष्ट्रात कायदा नाही असे नाही. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र त्याने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यायचे असते. मात्र ही एजन्सी मालकच नेमतो आणि तिचे पैसेही तोच देतो. शिवाय प्रमाणपत्र बोलते ते यंत्रणेविषयी. व्हरांड्यातल्या भिंतीवरचे लाल नळकांडे पाहा: काटा हिरव्या पट्ट्यात, पिन जागेवर, चिठ्ठीवर पुनर्भरणाची ताजी तारीख. कागदावर सगळे ठीक. त्याच व्हरांड्याच्या टोकाला, दुसऱ्या जिन्याखाली मोडके बाक रचलेले आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कोंबलेले असतील, सरकत्या जाळीला कुलूप असेल आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात असेल, तर त्या हिरव्या काट्याचा मुलांना काय उपयोग? म्हणून तपासणी पूर्वसूचनेशिवाय, शाळा भरलेली असताना व्हावी. अधिकाऱ्याने घंटा वाजवायला सांगावी, शेवटचे मूल मैदानात पोचेपर्यंतचा वेळ मोजावा, हजेरीपटावरून मुले मोजून घ्यावीत, आणि निकाल तारखेसह शाळेच्या फाटकावर लावावा.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. जिल्हा परिषदेच्या शाळेला छप्पर शाकारायला निधी मिळत नाही, तिथे हे कुठून आणायचे? मोठ्या इमारतींतल्या पाण्याच्या टाक्या, पंप, धूर ओळखणारी यंत्रे यांना खर्च येतो आणि तो शासनाने उचललाच पाहिजे. पण जिन्याखालचे बाक हलवायला, कुलूप काढायला आणि महिन्यातून एकदा घंटा वाजवायला निधी लागत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो रास्त आहे: निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे त्यांच्याच माथी असतात. म्हणूनच त्यांच्याकडून आणखी एक अहवाल मागू नये. दहा मिनिटांचा सराव हवा, कागद नको. अग्निशमन दलाकडे माणसे कमी आहेत, हे तिसरे उत्तर. तर मग पालकांना बरोबर घ्या. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. जिना मोकळा आहे की नाही, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. राहिला प्रश्न चोरीच्या आणि अनोळखी माणसांच्या भीतीचा. ती भीती खरी आहे, पण त्यासाठी फाटकावर माणूस ठेवावा. मुले वर्गात असताना बाहेर पडण्याच्या वाटेला कुलूप लागता कामा नये.

पालक शाळेत प्रवेश घेताना निकालाची टक्केवारी विचारतात, बसची वेळ विचारतात, शुल्काचे हप्ते विचारतात. त्यात एका प्रश्नाची भर घालावी: दुसऱ्या जिन्याची किल्ली कोणाकडे असते? ‘त्याला कुलूपच नसते’, एवढे एकच उत्तर पुरेसे मानावे. दुसरे कोणतेही उत्तर मिळाले, तर तिथून पुढे एकेका पायरीने तो जिना आपल्या डोळ्यांनी पाहून यावे.