सौद्याच्या पुढे धावणाऱ्यांविषयी: पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील क्रिप्टोधारकांस जाहीर पत्रक



भोसरी, आकुर्डी, महाळुंगे, चाकण या पट्ट्यात पाळीपाळीने यंत्रावर उभे राहून मिळवलेल्या पगारातून घरभाडे, मुलांची फी आणि गावाकडची देणी भागवून जे चार पैसे मागे उरतात, ते आज कित्येक तरुण कामगार मोबाइलवरील क्रिप्टो-वॉलेटमध्ये ठेवीत आहेत. ते तेथे ठेवावेत की नाही, हा या पत्रकाचा विषय नव्हे. ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणी 2018 साली निगडी व दत्तवाडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, तेव्हापासून भरमसाट परताव्याच्या आमिषाने होणारी फसवणूक आपल्या भागास पुरती ठाऊक आहे. परंतु आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत त्या लुटीत कोणी आमिष दाखवीत नाही, कोणी दारी येत नाही, आणि ज्याची लूट झाली त्यास तिची वार्ताही लागत नाही.

इथेरियमवरील युनिस्वॅपसारख्या खुल्या विनिमयस्थळी आपण दिलेला हुकूम तत्क्षणी अमलात येत नाही. दर बारा सेकंदांस सौद्यांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, तयार होतो, आणि तोवर तो हुकूम ‘मेमपूल’ नामक सार्वजनिक यादीत, कोणासही वाचता येईल अशा स्थितीत, पडून राहतो. ही यादी अहोरात्र वाचणारे बॉट आपल्या खरेदीच्या आधी स्वतःची खरेदी घुसवितात, आपणास चढ्या भावाने घेणे भाग पाडतात आणि आपल्या पाठोपाठ विकून मोकळे होतात. यालाच सँडविच हल्ला म्हणतात.

हिशेब मांडून पाहावा. विनिमयस्थळाच्या एखाद्या साठ्यात 10,000 नाणी आणि 10,000 डॉलर आहेत, आणि दोहोंचा गुणाकार कायम राहील अशा बेताने भाव ठरतो. आपण 1,000 डॉलर दिले तर, दलाली वेगळी ठेवता, 909 नाणी आपल्या पदरी पडावयास हवीत. परंतु भावातील किती फरक आपण सोसू याची मर्यादा, म्हणजे स्लिपेज, आपण 5 टक्के ठेविली आहे हे बॉट वाचतो आणि आपल्या आधी 250 डॉलरची खरेदी करतो; आपल्या वाट्यास 867 नाणी येतात; आणि आपली खरेदी होताच तो स्वतःची नाणी विकून सुमारे 300 डॉलर घेऊन जातो. ब्लॉक एक्सप्लोररवर तो सौदा उघडला तर एकाखाली एक तीन नोंदी दिसतात: वर त्याची खरेदी, मध्ये आपली, खाली त्याची विक्री, आणि आपल्या नोंदीपुढे ‘सक्सेस’ असा शेरा असतो. त्या शेऱ्यामुळेच फिर्याद कोणी करीत नाही. मार्च 2025 मध्ये अशाच हल्ल्यात एका व्यक्तीने दोन स्थिर नाण्यांच्या, ज्यांचा भाव डॉलरास डॉलर असावयाचा, अदलाबदलीत सुमारे 2 लाख 20 हजार डॉलर दिले आणि तिच्या हाती पाच हजारांच्या आसपास पडले.

यादी सार्वजनिकच आहे, मग ती वाचून नफा मिळविण्यात गैर काय, असे काही जाणते लोक विचारतात. चाकणच्या बाजारात कांद्याची बोलीही सर्वांसमक्ष होते. परंतु तेथे एकाची बोली ऐकून दुसऱ्याने वाढीव बोली लावली तर लाभ विक्रेत्याचा होतो, आणि पुकारलेल्या बोलीच्या मागे जाऊन तिच्या आधीची पाळी कोणास विकत घेता येत नाही. येथे मात्र ब्लॉकमधील क्रम ज्याच्या हाती त्यास जादा मोबदला देऊन पाळीच विकत घेतली जाते. आमचा आक्षेप उघडेपणास नाही, पाळीच्या या विक्रीस आहे.

शेअर बाजारात हाच प्रकार आपल्या कायद्याने अपराध ठरविला आहे. सेबीच्या 2003 च्या विनियमांत फ्रंट रनिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या सौद्याच्या पुढे धावण्यास, मनाई आहे, आणि 20 सप्टेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनैयालाल पटेल प्रकरणात असा निर्णय दिला की, दलाल नसलेला इसमदेखील दुसऱ्याच्या येऊ घातलेल्या सौद्याच्या माहितीवर आगाऊ व्यवहार करील तर तो त्या मनाईतून सुटत नाही. म्हणजे कामगाराची एसआयपी ज्या म्युच्युअल फंडात जाते त्याच्या हुकुमास संरक्षण आहे, आणि त्याच कामगाराने स्वहस्ते दिलेल्या क्रिप्टोच्या हुकुमास नाही. सरकार मात्र 1 एप्रिल 2022 पासून या नफ्यावर 30 टक्के कर घेते आणि त्याच वर्षाच्या 1 जुलैपासून विक्रीवर 1 टक्का रक्कम उगमापाशीच कापून ठेविते. ज्या बाजारातून सरकार महसूल वसूल करते, त्या बाजारातील हुकुमाची राखण करणे त्याचे कर्तव्य आहे, हे आम्ही निक्षून सांगतो.

कायदा होईतो आपला बचाव आपणच करावा. स्लिपेज, नाण्याची उलाढाल मोठी असेल तेथे, अर्धा टक्का वा त्याहून कमी ठेवावे. सौदा फसून थोडे शुल्क वाया गेले तरी ते परवडते. वॉलेटच्या जोडणीत ‘फ्लॅशबॉट्स प्रोटेक्ट’ किंवा ‘एमईव्ही ब्लॉकर’ यांसारखा खाजगी मार्ग घालावा, म्हणजे हुकूम सार्वजनिक यादीत न जाता थेट ब्लॉक बांधणाऱ्यांकडे जातो. मात्र तेथे त्या मार्गाच्या चालकावर विश्वास टाकावा लागतो, हे विसरू नये. ‘काऊ स्वॅप’सारख्या ठिकाणी अनेकांचे हुकूम एकत्र करून एका नाण्याचा एकच भाव लाविला जातो, त्यामुळे पाळीस किंमतच उरत नाही, आमच्या मते आजच्या उपायांत हा सर्वांत न्याय्य होय. उथळ साठ्यातील अनोळखी नाण्यांत मोठी रक्कम एका हुकुमात कदापि टाकू नये.

या पत्रकाच्या मागील बाजूस वित्त मंत्रालयास उद्देशून अर्ज छापिला आहे. त्यात दोन मागण्या आहेत: फ्रंट रनिंगची मनाई क्रिप्टोच्या सौद्यांस लागू करावी, आणि भारतात सेवा देणाऱ्या प्रत्येक वॉलेटमध्ये खाजगी मार्ग व मर्यादित स्लिपेज ही मूळचीच व्यवस्था असावी. अर्जावर सही करून भोसरी वगळता पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांनी मावळच्या, आणि भोसरी व चाकणकरांनी शिरूरच्या खासदारांच्या कार्यालयात तो समक्ष द्यावा व त्याची पोच मागून घ्यावी.