वॉर्डाच्या टीमला ‘पाकिस्तान’ म्हणणं ही गंमत नाही

गोंदिया जिल्ह्यातलं एक गाव. धान कापून झालेलं, बांध्या रिकाम्या, म्हणजे टूर्नामेंटचे दिवस. फुटबॉलची सेमीफायनल होती. माईकवरच्या भाऊंनी घसा खाकरला आणि सुरू झाले, “अब होगा भारत-पाकिस्तान का महामुकाबला!”

दोन्ही टीम त्याच गावातल्या, दोन शेजारच्या वॉर्डांच्या. त्यातल्या एका वॉर्डात बहुतेक घरं मुसलमानांची. ‘पाकिस्तान’ म्हणायला एवढं पुरेसं होतं.

लोक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. दुसऱ्या हाफमध्ये ‘पाकिस्तान’च्या एका पोरानं गोल केला. सुंदर गोल होता, दोन डिफेंडरांना चकवून मारलेला. त्याचा हात वर जायला निघाला आणि खांद्यापाशीच थांबला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मान खाली घालून आपल्या हाफमध्ये परत गेला. त्या वयाचा पोरगा गोल मारून नाचत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मॅच संपल्यावर कमिटीतल्या एकाला विचारलं तर उत्तर तयार होतं. “अरे भाऊ, मजाक आहे. ते पोट्टेपण आपसात तसंच म्हणतात.”

माझं म्हणणं सरळ आहे. हे टोपणनाव धर्मावरून दिलेली शिवी आहे. मजाक म्हटल्यानं ती शिवी राहायची थांबत नाही.

खेळात चिडवणं असतंच आणि असायलाही हवं. नागपूरवाले आपल्याला ‘झाडीवाले’ म्हणतात, आपणही त्यांना सोडत नाही. चिडवण्याशिवाय डर्बी म्हणजे मिठाशिवाय वरण. मग चिडवणं कुठं संपतं आणि शिवी कुठं सुरू होते? मी तीन प्रश्न विचारतो. नाव कोणी ठेवलं? ज्याला ठेवलं त्याला ते नाकारता येतं का? आणि त्या नावाची किंमत मैदानाबाहेर कोण मोजतो?

कोलकात्याचं उदाहरण घ्या. ईस्ट बंगालचे चाहते ‘बांगाल’, मोहन बागानचे ‘घोटी’. ईस्ट बंगाल जिंकली की घरी हिलसा, मोहन बागान जिंकली की कोळंबी. ‘बांगाल’ या शब्दात पूर्व बंगालमधून आलेल्यांबद्दलची हेटाळणी होतीच. पण त्या लोकांनी तो शब्द स्वतः उचलला आणि मिरवला. तरी आतली जखम पूर्ण भरलेली नाही. जानेवारी 2020च्या डर्बीत ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी भलंमोठं बॅनर लावलं होतं. ही जमीन आम्ही कागद दाखवून नाही, रक्त देऊन मिळवली, असा त्याचा अर्थ. नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली आणि माशांवरून होणाऱ्या गमतीखालची भीती लगेच वर आली.

लंडनमध्ये टॉटनहॅमचं वेगळं. या क्लबला ज्यू चाहते जास्त, असं समजून विरोधी चाहते त्यांना ‘यिड’ म्हणून हिणवायचे. टॉटनहॅमवाल्यांनी उलट स्वतःलाच ‘यिड आर्मी’ म्हणायला सुरुवात केली. 2013मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं हा शब्द वापरला तर कारवाई होऊ शकते असं बजावलं. काही चाहत्यांना अटकही झाली, पण 2014मध्ये ते खटले मागे घेतले गेले. शेवटी 2022मध्ये क्लबनंच चाहत्यांना विनंती केली की आता या शब्दाच्या पुढे जाऊया. म्हणजे चाहत्यांनी स्वतः स्वीकारलेलं नावसुद्धा क्लबला जड झालं. आमच्या गावातल्या पोरांनी तर ‘पाकिस्तान’ हे नाव मागितलंच नव्हतं.

“तेपण आपसात म्हणतात” यालाही उत्तर हेच आहे. पोरगं स्वतःवर हसतं, कारण दुसऱ्यांनी हसण्याआधी आपण हसलं की कमी लागतं. त्याच्या या हसण्यातून आपल्याला परवानगी मिळत नाही.

कोणी म्हणेल, धर्मावरून टीम तर आपल्याकडे आधीपासून आहेत. खरं आहे. मुंबईत 1912पासूनच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशाच टीम होत्या. 1937मध्ये ‘रेस्ट’ आल्यावर ती पंचरंगी झाली. 1940मध्ये गांधीजींनी या धर्मवार स्पर्धेला उघड विरोध केला आणि 1946मध्ये ती बंद पडली. बरं झालं बंद पडली. पण त्या स्पर्धेतही मुस्लिम संघाला त्याचंच नाव होतं. त्याला कोणी परक्या देशाचं नाव चिकटवलं नव्हतं. आजही नागपूरच्या फुटबॉलमध्ये ‘यंग मुस्लिम’ नावाचा क्लब आहे. ते नाव त्यांनी स्वतः ठेवलेलं आहे. माईकवाल्यानं ठेवलेलं नाव आणि स्वतः ठेवलेलं नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता कायद्याचं. हुशार मित्र लगेच फोन काढून दाखवतात, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की ‘पाकिस्तानी’ म्हणणं गुन्हा नाही. बातमी खरी आहे. फेब्रुवारी 2025मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात कोर्टानं म्हटलं की ‘मियाँ-तियाँ’ आणि ‘पाकिस्तानी’ म्हणणं अभिरुचीला सोडून आहे, पण धार्मिक भावना दुखावण्याच्या कलमात ते बसत नाही. मित्र वाक्याचा दुसरा अर्धा भाग वाचतात, पहिला गाळतात. त्याच्या आधी सप्टेंबर 2024मध्ये कर्नाटक हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी सुनावणीत बेंगळुरूच्या एका वस्तीला ‘पाकिस्तान’ म्हटलं, तेव्हा सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली होती. भारताच्या कुठल्याही भागाला पाकिस्तान म्हणता येणार नाही, असं सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी बजावलं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर अर्थ साफ आहे. तुरुंगात टाकण्याइतका गुन्हा नसेल, पण चुकीचं आहे. तुरुंग होत नाही म्हणून आपण आजीला शिव्या देत नाही ना?

मलाही पोलीस केस नको आहे. गावातल्या माईकवाल्यावर एफआयआर झाला तर पुढच्या वर्षी टूर्नामेंट होणार नाही, आणि दोन वॉर्डांत जे काही बोलणं-चालणं उरलंय तेही संपेल.

पण मैदानाबाहेर या शब्दाची काय किंमत मोजावी लागते ते बघा. 23 फेब्रुवारी 2025ला दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट मॅच झाली. त्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप सिंधुदुर्गातल्या मालवणमध्ये एका मुस्लिम कुटुंबावर झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांचं भंगाराचं दुकान पाडलं गेलं. आरोप कोर्टात सिद्ध व्हायची वाट कोणी पाहिली नाही. अशा राज्यात कोणाला माईकवरून ‘पाकिस्तान’ म्हणणं म्हणजे त्याच्या घरावर खडूनं खूण करण्यासारखं आहे. खूण करणारा हसत असेल. पुढं येणारा हसतच येईल याची खात्री कोण देणार?

या जोडनावातला दुसरा अर्धा भाग तर आपण बघतच नाही. एका टीमला ‘पाकिस्तान’ म्हटलं की समोरच्या टीमला ‘भारत’ फुकटात मिळतो. काही न करता ती देशाची टीम होते आणि दुसरी टीम जिंकली तर देश हरतो. मग ‘पाकिस्तान’च्या पोरानं गोल मारून नाचायचं कसं? तो नाचला तर गद्दार आणि हरला तर पब्लिक खूश. खेळाचा सगळा मजा इथंच मरतो. मॅच बरोबरीची हवी असेल तर दोन्ही बाजूंना जिंकून ओरडायची सारखी मोकळीक हवी.

इलाज फुकट आहे. वॉर्डाचं नाव घ्या, मोहल्ल्याचं घ्या, तलावाचं घ्या. गोंदियात नावांचा दुष्काळ नाही. कमिटीनं माईकवाल्याला मॅचआधी एक वाक्य सांगायचं, बस. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर आलं की आपण, म्हणजे ज्यांना त्या नावाचा काहीच त्रास नाही त्यांनी, आधी टोकायचं. ‘पाकिस्तान’ वॉर्डातल्या पोरानं टोकलं तर त्याला म्हणतील, “बघ, लागलं ना!” आपण टोकलं तर फार तर म्हणतील, “तू कायले सिरियस होतो बे?” एवढं ऐकून घ्यायला काही हरकत नाही.

त्या दिवशी मी टोकलं नव्हतं. मॅच संपल्यावर, गर्दी गेल्यावर बोललो. पुढच्या हिवाळ्यात माईक सुरू व्हायच्या आधी बोलणार आहे. तो पोरगा परत खेळायला येईल की नाही माहीत नाही. आला आणि त्यानं गोल मारला, तर त्याचा हात पूर्ण वर गेलेला मला बघायचाय.