पायथनने मराठीसाठी किती वाकावं?

कसारा लोकलला नवा थांबा मागणं सोपं असतं. पण एकदा दिलेला थांबा काढून दाखवा! प्रोग्रामिंगच्या भाषेत नवी सोय मागण्याचंही तसंच. आमच्या खडवलीच्या हॉस्टेलवर सध्या वाद पेटलाय तो पायथनमधल्या मराठीचा.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं. 'पेप ३१३१' या २००७ च्या प्रस्तावातून ही सोय आली. कीवर्ड मात्र इंग्रजीच राहिले, आणि ते बरंच झालं. 'जर', 'नाहीतर' लिहून केलेला प्रोग्राम शेजारच्या खोलीतल्या तमिळ मित्राने वाचायचा कसा? आकड्यांची तर गंमतच. '२५' ही स्ट्रिंग पायथन निमूटपणे पंचवीस समजतो, पण कोडमध्ये थेट २५ लिहिलं की सिंटॅक्स एरर!

खरा घोळ 'वाऱ्याचा_वेग' सारख्या नावात होतो. चंद्रकोरीसारखा हा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्तावाल्या ऱ ला हलंत लावतात. काही साध्या र ला हलंत लावून पुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर घालतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. पायथनला पहिला चालतो, दुसऱ्यावर तो अडून बसतो. मराठी माध्यमातून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलाने शुद्ध शब्द लिहूनही एरर खायची, हा अन्यायच. म्हणून 'झेडडब्ल्यूजे चालू द्या' अशी मागणी पाठवावी, असं हॉस्टेलवर बहुतेकांचं म्हणणं.

माझा याला विरोध आहे. ते अक्षर नुसतं चालू केलं तर डोळ्यांना नाव एकच, पण व्हेरिएबल दोन! सबमिशनच्या आदल्या रात्री तो बग शोधत बसा मग. आणि मागणी मान्य करून घेणं म्हणजे काय हेही लक्षात घ्या. := या एवढ्याशा चिन्हावर इतकं रण माजलं, की जुलै २०१८ मध्ये खुद्द गिडो व्हान रॉसम यांनी पायथनचं नेतृत्व सोडलं. (चिन्ह मात्र २०१९ मध्ये आलंच!)

दुखणं कीबोर्डचं आहे, तर औषध तिथेच द्या. लॅबमधल्या मशीनवर ऱ वाला कीबोर्ड टाकणं हे एका दुपारचं काम. पायथनकडे मागायचंच असेल तर एरर मेसेज सुधारून मागा. आज तो 'यू+२००डी' एवढंच सांगतो, त्यातून फर्स्ट इयरवाल्याला काय कळणार? या बदलाने कुणाचाही जुना प्रोग्राम मोडत नाही. त्या अर्जावर पहिली सही माझी.