चाळीस वर्षांची कोरोला एवढी महाग का?

टोयोटाची एई८६ कोरोला १९८३ साली आली, तेव्हा ती परवडणारी छोटी गाडी होती. आज चांगल्या स्थितीतल्या एई८६साठी संग्राहक नव्या कोऱ्या गाडीइतके पैसे मोजतात. कारण सोपं आहे: वजन एक टनाहून कमी, वरच्या मॉडेलमध्ये १.६ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना. म्हणून ड्रिफ्टिंगवाल्यांची ती लाडकी. ‘इनिशियल डी’ या मांगाने तिला जगभर चाहते मिळवून दिले.

पण सुटे भाग मिळाले नाहीत, तर सपोर्ट बंद झालेल्या फोनसारखी तीही नुसती शोभेची वस्तू होते. म्हणूनच टोयोटाने २०२१मध्ये तिचे मागचे ब्रेक कॅलिपर वगैरे पुन्हा बनवायचं जाहीर केलं, ते महत्त्वाचं. गाडी चालती राहिली, तरच किंमत टिकेल.