रिंग फक्त मुलांचीच कशाला?

घरात लहान मूल असेल तर कपाटामागे किंवा माळ्यावर एखादी प्लास्टिकची रिंग बहुधा पडलेली असेल. शाळेच्या गॅदरिंगसाठी घेतलेली, नाहीतर जत्रेतून आणलेली. मूल मोठं झालं की ती तशीच धूळ खात राहते. तिचं दुकानातलं नाव हूला हूप, पण आपल्याकडे सगळे रिंगच म्हणतात. ती खाली काढा, पुसा आणि स्वतः फिरवून बघा, असं आज मी तुम्हाला सांगणार आहे. तुम्ही पंचविशीत असा, साठीत असा, गुडघे दुखत असोत किंवा खुर्चीवरून उठणं होत नसो, प्रत्येकाला जमेल असा या रिंगचा काहीतरी खेळ आहे.

"डॉक्टर, हा काय पोरखेळ सांगताय?" असं तुमच्या मनात आलं असेल. पोरखेळच आहे, आणि म्हणूनच सांगतोय.

चालणं का सुटतं?

"रोज अर्धा तास चाला" असं सांगितलं की पेशंट मान डोलावतात. तीन महिन्यांनी साखर दाखवायला येतात तेव्हा बऱ्याच जणांचं चालणं बंद झालेलं असतं. कारणं खोटी नसतात. पहाटे रस्त्यावर कुत्री असतात, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंगावरून गेल्यासारख्या जातात, उन्हाळ्यात नऊ वाजताच ऊन चटके देतं, पावसाळ्यात चिखल. बायकांच्या मागे स्वयंपाक, धारा, मुलांची शाळा. पण या सगळ्याच्या तळाशी एक कारण असतं, ते कोणी डॉक्टरला सांगत नाही. कंटाळा येतो.

कडू गोळी माणूस नाक दाबून गिळतो, कारण ते एका घोटाचं काम असतं. व्यायाम जन्मभर करायचा असतो. जन्मभर नाक दाबून काही करता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की व्यायाम निवडताना "यानं किती कॅलरी जळतील?" हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न असावा, "हे उद्याही करावंसं वाटेल का?"

हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या पुढे गेली की धोक्याची खूण मानतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष तेवढीही हालचाल करत नाहीत.

खेळ आपल्याला नवा नाही

१९५८ साली अमेरिकेतल्या व्हॅम-ओ कंपनीनं प्लास्टिकची रिंग बाजारात आणली आणि तिचं वेड जगभर पसरलं. त्याआधी ऑस्ट्रेलियातली मुलं बांबूची कडी कमरेत फिरवत असत. आपल्याकडची मुलं सायकलचा जुना टायर काठीनं पळवत गावभर हिंडायची, तोही याच जातीचा खेळ.

मोठ्या माणसांनी खेळणं हेही आपल्याला नवं नाही. निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते. विसाव्याच्या ठिकाणी पांढऱ्या केसांचे आजोबा आणि नऊवारीतल्या आजी फुगडी घालतात, तेव्हा त्यांना कोणी वय विचारत नाही. नागपंचमीला फेर धरतात, मंगळागौरीला झिम्मा, पिंगा आणि फुगडीचे किती प्रकार रंगतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्या बाजूला बसून गाणं म्हणतात, टाळ्या देतात, पण त्या खेळातच असतात. दोन मिनिटांच्या फुगडीनं धाप लागते, घाम येतो, आणि सगळ्या हसत असतात. डॉक्टरला जे हवं ते सगळं त्यात आलं. अडचण एवढीच की पंचमी वर्षातून एकदा येते. रिंग रोज हाताशी असते, आणि तिला जोडीदारही लागत नाही.

रिंगनं शरीरात काय होतं?

रिंग कमरेवर टिकते ती तुम्ही तिला दर फेऱ्याला योग्य क्षणी हलका धक्का देता म्हणून. त्यासाठी पोटाचे, पाठीच्या खालच्या भागाचे, नितंबांचे आणि मांड्यांचे स्नायू एकामागून एक ताल धरून काम करतात. पाय तोल सांभाळतात. मेंदू कमरेला झालेल्या स्पर्शावरून रिंग कुठे आहे ते ओळखतो आणि पुढचा धक्का ठरवतो. म्हणजे ताकद, तोल आणि ताल या तिन्हींचा सराव एकदम होतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी सरावलेल्या १६ महिलांवर मोजणी केली, तेव्हा मिनिटाला सरासरी ७ कॅलरी खर्च झाल्या. भरभर चालण्यापेक्षा हे कमी नाही. फिनलंडमधला २०१९ चा अभ्यास जास्त बोलका आहे. त्यात वजन जास्त असलेल्या लोकांनी दीड किलोची रिंग रोज सुमारे १३ मिनिटं, सहा आठवडे फिरवली. त्यांच्या कमरेचा घेर सरासरी ३ सेंटीमीटरनं घटला आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलं.

आता दुसरी बाजूही ऐका. या काळात त्यांचं वजन फारसं बदललं नाही. त्याच अभ्यासात जे लोक रोज जवळपास १० हजार पावलं चालले, त्यांचा वरचा रक्तदाब उतरला आणि चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. भाग घेणारेही पन्नासच्या आसपासच होते. म्हणून रिंगच्या नावावर "सात दिवसांत पोट सपाट" असं कोणी मोबाईलवर सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जे चालतात त्यांनी चालणं सोडू नये. ज्यांचं चालणं टिकत नाही त्यांच्यासाठी हा दुसरा दरवाजा आहे. आणि मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी रिंगमुळे बंद करायची नाही.

"आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" हा प्रश्न मावशी नेहमी विचारतात. शेतातलं काम हा व्यायामच आहे, ते मी नाकारत नाही. पण खुरपताना, कांदे काढताना कंबर तासन्‌तास पुढे वाकलेली असते. रिंग फिरवताना तीच कंबर सरळ उभी राहून चारी दिशांना हलते. शिवाय दिवसभरातली ही दहा मिनिटं तुमची स्वतःची असतात, कोणाच्या कामाची नसतात.

मोठ्यांची रिंग मोठी असते

"मला लहानपणी यायची, आता पडते," असं बरेच जण म्हणतात. दोष बहुतेक वेळा रिंगचा असतो. मुलांची रिंग लहान आणि हलकी असते, ती भरभर फिरते आणि मोठ्या माणसाच्या कमरेला तेवढा वेग साधत नाही. मोठी आणि जराशी जड रिंग सावकाश फिरते, म्हणून सोपी जाते. जमिनीवर उभी धरल्यावर ती बेंबी आणि छातीच्या मध्ये यावी.

अशी रिंग घरीही करता येते. ठिबकच्या कामाचा पाऊण इंची काळा पाईप घ्या. १० फूट तुकड्याची साधारण ३८ इंच रुंदीची रिंग होते. टोकं गरम पाण्यात धरून मऊ करा, आत जॉइंटर घट्ट बसवा आणि वरून टेप किंवा सुती कापडाची पट्टी गुंडाळा, म्हणजे रिंग घसरत नाही. ओळीतली बारीक नळी घेऊ नका, ती वाकते. सांध्याला टोक किंवा धार राहिलेली नाही ना, ते हात फिरवून पाहा.

फिरवताना एक पाऊल थोडं पुढे ठेवा. रिंग पाठीला टेकवा, एका बाजूला जोरात सोडा आणि वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर, मागच्यावरून पुढच्यावर असं हलवत राहा. कंबर गोल गोल फिरवायची गरज नाही. पाठ ताठ, गुडघे किंचित सैल, आणि श्वास रोखायचा नाही. पहिले काही दिवस ती पडणारच. ती उचलायला दर वेळी खाली वाकणं हाही व्यायामच समजा. पाच मिनिटांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा, आणि मधूनमधून दिशा बदला.

कमरेवर जमत नसेल तर

कमरेत फिरली तरच रिंग, असा काही नियम नाही.

खुर्चीवर किंवा व्हीलचेअरवर बसून ती मनगटात किंवा कोपरापुढच्या हातात फिरवता येते. खांदा मोकळा राहतो, पकड सुधारते.

अर्धांगवायूनंतर एक हात कमजोर असेल तर दोन्ही हातांनी रिंग धरा. चांगल्या हातानं ती गाडीच्या स्टिअरिंगसारखी सावकाश फिरवा, मग हळूहळू वर उचला. कमजोर हात सोबत चालतो. खांदा दुखेल इतकं ओढू नका, आणि हे फिजिओथेरपिस्टला विचारून करा.

ज्यांचा तोल जातो अशा आजीआजोबांनी जमिनीवर ठेवलेल्या रिंगमध्ये पाय टाकू नये, अडखळायला होतं. त्याऐवजी खडूनं गोल काढा आणि खिडकीचा गज धरून आत-बाहेर पाऊल टाका. शेजारी घरातलं कोणीतरी उभं हवं.

ज्यांना दिसत नाही त्यांनाही हा खेळ साधतो, कारण रिंग डोळ्यांपेक्षा कमरेच्या स्पर्शानं कळते. जोडण्याआधी पाईपमध्ये ज्वारीचे चार दाणे टाकले तर आवाजावरून वेगही समजतो.

विशेष मुलांसाठी रिंग जमिनीवर घरंगळवणं, तिच्यातून चेंडू टाकणं, दोघांनी धरून ओढणं, हे सगळे खेळ उपयोगी आहेत.

कोणी थांबावं?

गरोदर बायकांनी रिंग कमरेवर फिरवू नये. सिझेरियन, हर्निया किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेल्यांनी सर्जनची परवानगी घेतल्याशिवाय सुरू करू नये. मणक्याची गादी सरकून पायात कळ येत असेल, हाडं ठिसूळ झाल्यामुळे मणका दबला असेल, तर कमरेची रिंग तुमच्यासाठी नाही, हातातली चालेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जड आणि खड्डे-उंचवट्यांची रिंग टाळा, अंगावर काळेनिळे डाग पडतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फिरवू नये आणि खिशात साखर ठेवावी. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

लोक काय म्हणतील?

खरा अडथळा हाच आहे. मुलगा चाळिशीत क्रिकेट खेळला तर कौतुक होतं, पण सून अंगणात रिंग फिरवायला लागली तर शेजारी बघतात. सासूबाईंनी हातात घेतली तर घरातलेच मोबाईल काढून हसतात. त्या हसण्यानं किती बायकांचा व्यायाम पहिल्याच दिवशी बंद होतो, हे घरातल्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून ही विनंती रिंग फिरवणाऱ्यांना कमी आणि घरातल्यांना जास्त आहे. आई रिंग घेऊन उभी राहिली तर व्हिडिओ काढू नका. दुसरी रिंग घ्या आणि शेजारी उभे राहा.

सुरुवातीला दार लावून आत फिरवा, हरकत नाही. आठ दिवसांत रिंग चार-पाच फेरे टिकायला लागेल, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा टिकेल त्या दिवशी तुम्ही आपोआप हसाल. पुढच्या वेळी साखर दाखवायला याल तेव्हा किती मिनिटं फिरवली ते मी विचारीनच. पण त्याआधी विचारीन, मजा आली का?