काकूंनी फक्त स्वयंपाकघर बघायचं?

परवा डोंबिवलीत एका सत्काराला गेले होते. निवृत्तीनंतर पाड्यावर जाऊन राहिलेल्या एका जोडप्याचा सत्कार. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुणे काकांच्या त्यागावर चांगली वीस मिनिटं बोलले. काकूंच्या वाट्याला एकच वाक्य आलं, "आणि वहिनींनी त्यांना मोलाची साथ दिली." टाळ्या. मग काकूंची ओटी भरली आणि चहा आला.

या 'साथ' शब्दाचा मला अलीकडे फार राग येतो. का, ते सांगते.

२०१० साली मी शाळेतून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं मराठी आणि गणित शिकवलं. हे रेल्वेत, हिशेबाच्या खात्यात. मुलं आपापल्या मार्गाला लागली होती. २०१२ साली आम्ही दोघांनी ठरवलं, हातपाय चालताहेत तोवर दोन वर्षं कुठंतरी उपयोगी पडायचं. कल्याणहून एसटीनं मुरबाड, तिथून जीपनं पुढे, अशा एका वसतिगृहात गेलो. ठाकर-कातकरी मुलं, चाळीसेक.

पहिल्याच दिवशी कामाची वाटणी झाली. तिथले कार्यकर्ते म्हणाले, "काका ऑफिस आणि संध्याकाळचा अभ्यास बघतील. काकूंनी स्वयंपाकघरावर नुसती नजर ठेवायची."

नजर ठेवायची म्हणजे काय ते आठवड्याभरात कळलं. पहाटे साडेचारला उठायचं. चूल पेटवायची. तांदूळ निवडायचे, दोन वेळचा भात, आमटी, कधी उसळ. एप्रिलात बोअरिंगचं पाणी आटलं की टँकरची वाट बघत बसायचं. एखादं मूल तापानं फणफणलं की रात्री त्याच्या उशाशी बसायचं, आणि पुन्हा साडेचारला उठायचं. कामाला मी भीत नाही. घरात काय, शाळेत काय, आयुष्यभर केलंच आहे.

पण गंमत बघा. ह्यांनी जन्मात खडू हातात धरला नव्हता. मुलं त्यांना 'सर' म्हणायची आणि मला 'काकू'. चौथीतल्या निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. ती शिकवण्यात जिची हयात गेली ती बाई भिंतीपलीकडे आमटीला फोडणी देत होती, आणि अलीकडे हे बिचारे 'बावन्नातून सदतीस' कसं समजवावं म्हणून घामाघूम होत होते. माझा मान गेला हे सोडून द्या. मुलांचं गणित गेलं, त्याचं काय?

ही खोड आजची नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचे नियम आहेत. घर सोडणाऱ्यानं बायकोला मुलांच्या हवाली करावं, नाहीतर बरोबर घेऊन वनात जावं, असं तिथं सांगितलं आहे. दोन पर्याय आहेत खरे, पण दोन्ही त्याचे! तिला काय वाटतं हे विचारायची सोयच नाही. आज आपण वनाऐवजी पाडा म्हणतो, एवढाच फरक.

बाबा आमटे १९९० साली नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले तेव्हा पंचाहत्तरीचे होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. साधनाताई तेव्हा चौसष्टच्या. आनंदवनात उभं केलेलं सगळं मागे ठेवून त्यांनी त्या वयात पुन्हा नवा संसार मांडला. बाबांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण १९८५चा मॅगसेसे, १९९०चा टेम्पल्टन, सगळे बाबांच्या नावावर. साधनाताईंनी आत्मकथनाला नाव दिलं 'समिधा'. समिधा जळते तेव्हा लोक यज्ञाकडे बघतात. यापेक्षा जास्त काय सांगायचं?

पुढे थोडं बदललं. २००८ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे दोघांना मिळून मिळाला. २०१८ साली अभय आणि राणी बंग, २०१९ साली मेळघाटातले रवींद्र आणि स्मिता कोल्हे, दोघा-दोघांना पद्मश्री. या जोडप्यांत तिचं काम तिच्या नावानं ओळखलं जातं. पण या बायका डॉक्टर आहेत, त्यांच्या हातातलं काम डोळ्यांना दिसतं, असं कुणी म्हणेल. मग शिक्षिकेचं दिसत नाही का? बँकेत वीस वर्षं खाती सांभाळलेल्या बाईचं? की पदर खोचला की सगळ्या सारख्याच?

आता नेहमीचे दोन आक्षेप.

पहिला, सेवेत कसला हिशेब मांडता? अहो, धान्याचा मांडतो, देणग्यांचा मांडतो, मग माणसाच्या अंगातल्या कौशल्याचाच का नको? देणगीत आलेलं औषध कुणी जमीन पुसायला वापरलं तर आपण त्याला सेवा म्हणू का?

दुसरा, स्वयंपाक कुणीतरी करायलाच हवा ना? हवाच. माझं म्हणणं आहे, पाड्यावरच्या बाईला रीतसर पगार देऊन तो करून घ्या. दिवाळी झाली की तिथली कातकरी घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. एका बाईला बारमाही पगार मिळाला तर तिचं घर निदान गावात टिकेल. शहरातल्या पेन्शनवाल्या काकू फुकटात राबतात तेव्हा संस्थेचे पैसे वाचतात, पण त्या बाईची मजुरी बुडते. हा हिशेब आम्ही 'सेवा करणारे' कधी करत नाही. मीही पहिले आठ महिने केला नव्हता.

हो, चूक माझीही होतीच. मी गप्प बसले. 'कशाला वाईटपणा घ्या' ही आमच्या पिढीची सवय. शेवटी हेच एका बैठकीत म्हणाले, "मला शिकवता येत नाही, हिला येतं. आमची कामं बदला." ते म्हणाले म्हणून ऐकलं गेलं, हेही लिहून ठेवते. मी म्हटलं असतं तर 'काकूंना कंटाळा आला' असा अर्थ निघाला असता. गावातलीच एक बाई पगारावर स्वयंपाकाला आली, ह्यांनी कोठीचा हिशेब घेतला आणि मी फळ्यापाशी गेले.

तेव्हा निवृत्तीनंतर असं कुठं जाऊ म्हणणाऱ्या जोडप्यांना माझं एकच सांगणं आहे. जाण्याआधी दोघांनी वेगवेगळं बसून कागदावर लिहा, मला काय येतं आणि मी काय करणार. तो कागद संस्थेपुढे ठेवा. मुदत ठरवा, सुट्टी ठरवा. 'वहिनी काय, सांभाळून घेतील' असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत या. आणि सत्कार करणाऱ्यांनो, पुढच्या वेळी काकूंची ओटी भरण्याआधी त्यांच्यापुढे माईक धरा. त्यांनी तिथं काय केलं ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

असो. वसतिगृह सोडताना जीपपाशी एक मुलगी पळत आली. हातात वहीचं पान, त्यावर हातच्याच्या दहा वजाबाक्या. "बाई, तपासून द्या ना!"

बाई म्हणाली ती मला. दोन गणितं चुकली होती. जीपवाल्याला पाच मिनिटं थांबवलं आणि ती तिथंच सोडवून घेतली.